टाळी आणि साथ

मराठीत ‘टाळी’ हा एकच शब्द दोन भिन्न कृतींसाठी वापरला जातो. कार्यक्रम संपल्यावर सभागृहात वाजते ती एक टाळी, आणि भजनात किंवा तालाच्या मात्रा मोजताना वाजते ती दुसरी. पहिली टाळी कलाकृती पूर्ण झाल्यानंतरची असते. ती पसंतीची पावती असते, आणि पावती हाती ठेवली की देणेघेणे मिटते. दुसरी टाळी कलाकृती घडत असताना वाजते. ती चुकली तर गाणारा अडखळतो, ती ठाम असली तर त्याला धीर येतो. पहिली टाळी वाजविणारा हा श्रोता असतो, दुसरी वाजविणारा साथीदार. या दोन टाळ्यांमधील अंतर संगीताच्या शास्त्रापुरते मर्यादित नाही. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या दूरच्या समाजाची कला आपल्या वस्तीत आणून रुजविण्याचे जे प्रयत्न अलीकडे होतात, त्यांचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

अशा प्रयत्नांचे एक रूप म्हणजे ‘निवासी कलावंता’ची योजना. कलावंताने एका रात्रीचा प्रयोग करून निघून न जाता काही आठवडे किंवा महिने एखाद्या गावात, वस्तीत, शाळेत राहावे, तेथील लोकांना आपली कला शिकवावी आणि त्यांच्याकडूनही काही घ्यावे, अशी ही कल्पना. स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातील फ्लामेंको हे गायन-वादन-नर्तन या मार्गाने बरेच दूर गेले आहे. अमेरिकेत कार्लोता सांताना यांनी रोबेर्तो लोर्का यांच्यासह १९८३ साली स्थापन केलेली ‘फ्लामेंको व्हिव्हो’ ही संस्था न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना येथील शाळांमध्ये अशा निवासी पद्धतीने काम करीत आली आहे. भारतातही परदेशी कलावंतांना काही काळ राहण्यासाठी बोलावणाऱ्या संस्था आहेत, आणि बंगळूर हे त्यांचे एक ठळक केंद्र आहे. या प्रयत्नांमागचा हेतू चांगला असतो याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पुढचा. जी कला एका विशिष्ट समाजाने विशिष्ट यातनांतून घडविली, ती दुसऱ्याच्या अंगणात नेणे न्याय्य आहे काय? असेल तर कोणत्या अटीवर?

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांपुढे ठेवू. बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे ते स्थळ. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, आणि डी. एस. व्हाइट या गृहस्थांच्या नावाने ही वसाहत उभी राहिली. इंग्रजांनी पूर्णपणे आपले मानले नाही आणि देशी समाजानेही मानले नाही, अशा मिश्र वंशाच्या लोकांनी शेती करून स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे या गावाचा पायाच पाहुण्यांनी घातला. त्याच्या भोवती इम्मडिहळ्ळी, काडुगोडी, रामगोंडनहळ्ळी ही आधीपासूनची गावे होती. पुढे १९९० च्या दशकात येथे सॉफ्टवेअर व्यवसायाचे मोठे संकुल उभे राहिले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून अभियंते आले. त्यांच्या इमारती बांधण्यासाठी उत्तर कर्नाटकापासून बिहार-बंगालपर्यंतचे मजूर आले. २०२३ साली मेट्रो येथवर पोहोचली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळुरात मराठी बोलणारी घराणी आहेत. या नव्या उपनगरातही मराठी कुटुंबे आहेत, आणि तीही इतरांप्रमाणे बाहेरून आलेलीच. रामगोंडनहळ्ळीत २०११ साली अरुंधती आणि जगदीश राजा यांनी ‘जागृती’ हे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा शहराच्या मध्यापासून दूर असलेल्या या भागाला स्वतःचा रंगमंच मिळाला.

आता समजा, सेव्हिलहून एक नर्तकी आणि तिच्यासोबत एक गायक, एक गिटारवादक तीन महिन्यांसाठी व्हाइटफील्डला राहावयास आले. त्यांनी आपली कला ‘स्थानिक समाजा’पर्यंत पोहोचवावी, असे त्यांना सांगितले गेले. हा स्थानिक समाज म्हणजे कोण? गृहसंकुलाच्या सभागृहात संध्याकाळी जमणारी अभियंत्यांची मुले? काडुगोडीच्या सरकारी कन्नड शाळेतील मुले? पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजूर? की ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले ते मूळचे शेतकरी? ‘समाज’ हा शब्द योजनेच्या कागदावर एकवचनी असतो. प्रत्यक्षात तो कुंपणांनी विभागलेला असतो. कोणत्या फाटकातून आत जायचे हे ठरविणे ही पाहुण्याची पहिली नैतिक कृती ठरते. बहुधा ती त्याच्या वतीने आधीच कोणीतरी करून टाकलेली असते, आणि त्याला तिचा पत्ताही नसतो.

तथापि यजमानाचा विचार करण्यापूर्वी येणाऱ्या कलेचा विचार केला पाहिजे. फ्लामेंकोच्या घडणीत अंदालुसियाच्या साध्या शेतमजुरांचा वाटा आहे, अरब आणि ज्यू परंपरांच्या खुणा त्यात शोधल्या जातात. पण त्याचा कणा ज्यांनी दिला ते हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा लोक. १४२५ साली आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने ‘लहान इजिप्त’चा म्हणविणाऱ्या एका रोमा पुढाऱ्याला आपल्या राज्यातून प्रवास करण्याचा परवाना दिला. त्याची मुदत तीन महिन्यांची होती. हितानोंच्या इतिहासाचा आरंभ असा मुदतबंद पाहुणचाराने होतो. पुढे १४९९ च्या राजाज्ञेने त्यांना साठ दिवसांत धंदा आणि धनी शोधा किंवा देश सोडा, असे फर्माविले. १७४९ च्या जुलैत सहाव्या फर्नांदोच्या कारकिर्दीत एका रात्रीत सुमारे नऊ हजार हितानोंची धरपकड झाली. पुरुषांना नौदलाच्या कारखान्यांत वेठीला जुंपले आणि स्त्रिया व मुले वेगळी ठेवली, हेतू असा की या जमातीची संतती पुढे होऊच नये. तो बेत फसला. १७८३ मध्ये त्यांना देशात राहण्याची व व्यवसायाची मुभा मिळाली, परंतु त्यांची भाषा आणि त्यांचा वेष वर्ज्य ठरला; ‘हितानो’ हे नाव उच्चारण्यावरही बंदी आली.

‘मार्तिनेते’ नावाचा फ्लामेंकोचा एक प्रकार गिटारीवाचून गायला जातो. त्याचे नाते लोहाराच्या भट्टीशी जोडले जाते, आणि रंगमंचावर आजही त्याला ऐरणीवरील हातोड्याच्या ठोक्याची साथ देतात. तुरुंगाची गाणी म्हणून ओळखला जाणारा प्रकारही आहे. ही गाणी प्रथम कोणाला ऐकविण्यासाठी रचली नव्हती. म्हणूनच पहिला आक्षेप असा येतो की, असे गाणे कार्यशाळेत कसे शिकविणार? भट्टी, ऐरण, तुरुंग आणि ती रात्र यांना सोडून जे उरते ते फक्त हातवारे आणि टाचांचा आवाज. दुसऱ्याची जखम आपल्या अंगावर रंगवून नाचणे हा त्याच्या दुःखाचा अपमान आहे.

हा आक्षेप गंभीर आहे. पण तो टोकाला नेला तर कोणतीच कला कुठेही जाऊ नये असा निष्कर्ष निघतो, आणि फ्लामेंकोचा स्वतःचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ही कला कधीही आपल्या कुंपणात राहिली नाही. क्यूबाकडे गेलेल्या जहाजांतून परत आलेल्या चालींवर तिने आपले नवे प्रकार घडविले. आज फ्लामेंकोच्या प्रत्येक मैफलीत दिसणारी ‘काहोन’ ही लाकडी पेटी पेरू देशातील गुलाम आफ्रिकी लोकांचे वाद्य आहे. गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती तेथून स्वीकारली. म्हणजे एका पीडित समाजाचे वाद्य दुसऱ्या पीडित समाजाच्या संगीतात सामावले, आणि चाळीस-पन्नास वर्षांत ते परके वाटेनासे झाले. कला स्थलांतर करते. तेव्हा तिने जावे की नाही, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ती जाताना तिच्याबरोबर काय जाते आणि काय मागे टाकले जाते, हा खरा प्रश्न आहे.

येथे १९२२ सालच्या जून महिन्यात ग्रानादा येथे झालेल्या एका स्पर्धेची आठवण ठेवणे उचित होईल. संगीतकार मान्युएल दे फाया, तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि त्यांच्या मित्रांनी ‘खोल गाण्या’ची ही स्पर्धा आल्हाम्ब्राच्या परिसरात भरविली. नाट्यगृहे आणि कॅफे यांच्या धंद्यात हे गाणे भ्रष्ट होत आहे, ते वाचविले पाहिजे, अशी त्यांची कळकळ होती. म्हणून एकवीस वर्षांवरील व्यावसायिक गायकांना स्पर्धेत प्रवेश नव्हता. बक्षीस मिळविणाऱ्यांत दिएगो बेर्मुदेस हा वृद्ध गायक होता आणि मानोलो काराकोल हा बारा वर्षांचा हितानो मुलगा होता. हा काराकोल पुढे मोठा झाला तो त्याच व्यावसायिक रंगमंचावर, ज्यापासून गाण्याला वाचवायचे होते. फाया आणि लोर्का यांचे प्रेम खरे होते आणि त्यांचे कानही तयार होते. तरीही, ज्यांचे पोट त्या गाण्यावर होते त्यांनाच दाराबाहेर ठेवून गाण्याचे शुद्ध रूप ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला. परक्या कलेचा स्वीकार करणाऱ्या प्रत्येकापुढे हा मोह उभा असतो. आपल्याला दुःख हवे असते, पण ते भोगणाऱ्याने भाकरीचा हिशेब मांडलेला आपल्याला आवडत नाही.

भारतात या मोहाचे एक खास देशी रूप आढळते. फ्लामेंकोचा कार्यक्रम असला की ही कला मूळची आपलीच, हजार वर्षांपूर्वी येथून गेली आणि आज घरी परतली, असे सांगितले जाते. यातील भाषेचा भाग खरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पंडितांनी रोमा लोकांच्या बोलीचे भारतीय भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. पाणी, नाक, कान, माणूस, काळा या शब्दांची त्यांच्या बोलीतील रूपे ऐकली तर मराठी माणसाला ती ओळखीची वाटतील. स्पेनमधील हितानो स्वतःला जो ‘कालो’ हा शब्द लावतात तो आपल्या ‘काळा’चाच भाऊबंद. परंतु भाषेचे नाते म्हणजे गाण्याचे नाते नव्हे. फ्लामेंको घडले ते अंदालुसियात, गेल्या दोन-अडीच शतकांत, तेथील सर्वांच्या सहवासात. कथकचे तत्कार आणि फ्लामेंकोच्या टाचा यांत दिसणारे साम्य मोहक आहे, पण साम्य हा वारशाचा पुरावा होत नाही.

या ‘घरवापसी’च्या गोष्टीला माझा मुख्य आक्षेप ऐतिहासिक नसून नैतिक आहे. हजार वर्षांपूर्वी निघून गेलेल्या भावाला मिठी मारणे सोपे असते. तो आपल्या विहिरीवर पाणी भरायला येत नाही. पण जे गेले नाहीत, येथेच फिरत राहिले, त्यांचे आपण काय केले? स्पेनमधील १७४९ ची रात्र आपण हळहळून ऐकतो. येथे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या आणि १९५२ पर्यंत तो कायदा पूर्णपणे रद्द झाला नाही. तो कायदा इंग्रजांचा होता हे खरे. पण संशयाची नजर सरकारी कागदातून आली नव्हती आणि कागद फाडल्याने ती गेलीही नाही. लावणी ही महाराष्ट्राची शान आहे असे आपण म्हणतो. ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवणाऱ्यांत कोल्हाटी समाजातील स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या मुलांना शाळेत बापाचे नाव विचारले जाते तेव्हा काय होते हे किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला सांगितले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या उत्तरायुष्यातील विवंचनाही सर्वश्रुत आहे. टाळ्या आपण भरपूर दिल्या. ही पहिल्या प्रकारची टाळी होती. तिने देणे मिटल्याचा भास निर्माण केला.

तेव्हा व्हाइटफील्डमध्ये फ्लामेंको आणणाऱ्याला एक अवघड प्रश्न विचारला जाणे रास्त आहे. सेव्हिलचे दुःख तीन हजार कोसांवरून कशाला आणता? त्याच भागातील जुन्या खेड्यांत ‘तमटे’ वाजते. आपल्या हलगीचे ते सख्खे भावंड. चामड्याचे हे वाद्य कोणी वाजवायचे आणि कोणी लांबून ऐकायचे, हे जातीने ठरविलेले होते. तमटेवादक मुनिवेंकटप्पा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण गृहसंकुलाच्या सभागृहात तमटेची कार्यशाळा भरविण्याचे किती संयोजकांना सुचेल? परदेशी कलेची ओढ ही पुष्कळदा शेजारच्या कलेपासून पळण्याची वाट असते. दूरच्या दुःखाबद्दलची सहानुभूती स्वस्त पडते, कारण तिच्यासाठी आपल्या घरातील काहीच बदलावे लागत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला भिडण्याची दोन साधने आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले साधन अतिथिधर्माचे. अतिथीला देव मानावे असे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. पण ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची रूढ व्युत्पत्ती आहे. निवासी कलावंताच्या येण्याची आणि जाण्याची, दोन्ही तिथी करारात लिहिलेल्या असतात. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधात यासंबंधी एक नेमका भेद केला होता. परक्या माणसाला कोणत्याही भूमीवर जाऊन शत्रुत्वाची वागणूक न मिळण्याचा, भेटीला येण्याचा हक्क आहे. मात्र पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. आजचा निवासी कलावंत हा असा करार घेऊन येतो. पण तो करार त्याला बोलावणाऱ्या संस्थेशी झालेला असतो. काडुगोडीच्या लोकांशी झालेला नसतो. देव मानण्याच्या गडबडीत, ज्यांच्या नावाने हा पाहुणा बोलावला त्यांना कोणी विचारले होते काय, हे पाहायचे राहून जाते.

दुसरे साधन रससिद्धान्ताचे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या साधारणीकरणाच्या तत्त्वानुसार, कलेतील शोक हा अमक्याचा किंवा तमक्याचा राहत नाही. तो ‘माझा’, ‘परक्याचा’ या बंधनांतून सुटतो, आणि म्हणूनच सहृदय रसिकाला त्याचा आस्वाद घेता येतो. या सिद्धान्ताच्या आधारे असे म्हणता येईल की, फ्लामेंकोतील वेदना कळण्यासाठी हितानो असण्याची गरज नाही, सहृदय असणे पुरे. हे खरे आहे, आणि फार मोठे आहे. जगातील कोणतीही कला आपल्यापर्यंत पोहोचते ती याच वाटेने. पण त्यात एक निसरडी जागा आहे. शोक कोणाचाच राहिला नाही की त्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही. आस्वादाच्या क्षणापुरते विसरणे आणि एरवीही विसरून जाणे यांतील सीमा फार पुसट असते. सहृदयाला कला कळते; पण कळण्यासाठी त्याला आपल्या आसनावरून उठावे लागत नाही.

सहृदय आणि कलावंत यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो, आणि सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. तो म्हणजे साथीदार. कीर्तनकाराच्या मागे उभा असलेला टाळकरी, शाहिरामागे ‘जी जी’चा सूर धरणारा झीलकरी, ही त्याची आपल्याकडील रूपे. कीर्तनकाराचा अनुभव टाळकऱ्याला आलेलाच असतो असे नाही. तो तसा दावाही करीत नाही. तो फक्त ताल सुटू देत नाही. फ्लामेंकोमध्ये हे स्थान ‘पाल्मास’ला, म्हणजे हाताच्या टाळ्यांना, आणि नेमक्या क्षणी दिलेल्या दादेच्या हाकेला आहे. गाणाऱ्याच्या बाजूला बसलेली दोन-तीन माणसे तळहात किंचित खोलगट करून दबक्या टाळ्या वाजवीत राहतात. ‘सोलेआ’ या प्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे. वजन पडते ते तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आपला एकतालही बाराच मात्रांचा आहे, पण त्याचे खंड समान. येथे आधी तिनातिनांचे आणि मग दोनदोनांचे. पहिल्या मात्रेवर समेची वाट पाहणाऱ्या कानाला येथे प्रारंभी भूल पडते, कारण पुष्कळदा वाक्य संपते ते दहाव्या मात्रेवर. तरीही मन लावले तर काही दिवसांत ही गणती हाताला बसू लागते.

येथेच निवासी कलावंताच्या योजनेचे खरे समर्थन सापडते. तीन महिन्यांत फ्लामेंको गाणे कोणालाही येणार नाही. नर्तनाच्या चार पायऱ्या येतील आणि त्या वार्षिक संमेलनात दाखविता येतील. त्याने आईवडिलांना आनंद होईल, त्यापलीकडे काही होणार नाही. पण तीन महिन्यांत दुसऱ्याच्या गाण्याला ताल धरणे येऊ शकते. दुसऱ्याचे दुःख आपल्याला गाता येत नाही, आणि गाऊ नये; त्याला साथ मात्र करता येते. साथ करण्यासाठी त्या दुःखाचा मालक असावे लागत नाही, आणि त्यापासून सुरक्षित अंतरावरही राहता येत नाही. हात चुकला तर गाणाऱ्याचे नुकसान होते, एवढी जबाबदारी प्रत्येक आवर्तनात अंगावर असते. परक्या कलेशी वागण्याची याहून प्रामाणिक रीत मला दिसत नाही. ती अनुकरणाप्रमाणे बळकावीत नाही, आणि आस्वादाप्रमाणे निरखून मोकळीही होत नाही.

व्हाइटफील्डच्या भूमीत या शिक्षणाला आधार आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत श्रोते मांडीवर उघडपणे ताल मोजतात. टाळी, बोटांची गणती आणि हात उलटा करणे ही क्रिया तेथे लहान मुलांनाही परिचित असते. तमटे वाजविणाऱ्यांच्या मनगटात तर लयीचे असे हिशेब असतात की सेव्हिलच्या पाहुण्याने त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावे. आणि त्याने तसे बसावे, अशी अटच योजनेत असली पाहिजे. पाहुण्याजवळ एक अशी शक्ती असते जी शेजाऱ्याजवळ नसते. येथील जातीच्या पायऱ्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या नसतात. तमटेवादकाच्या शेजारी तो सहज बसेल, त्याच्याकडून बोल शिकेल, आणि त्याला बसलेला पाहून फाटकाच्या आतील माणसाला प्रथमच असे वाटेल की, आपण हे इतकी वर्षे ऐकत होतो, पण ऐकले नव्हते. ज्यांनी पाहुण्याच्या गाण्याला साथ करायला शिकून घेतले त्यांना शेजाऱ्याच्या वाद्यापुढे केवळ प्रेक्षक राहणे अवघड जावे. तसे झाले तर स्वस्त सहानुभूतीचे महाग सहानुभूतीत रूपांतर झाले असे म्हणता येईल. झाले नाही, तर सेव्हिलहून काही आणण्याची आवश्यकता नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, कलेवर हे फार मोठे ओझे झाले. कलावंत समाजसुधारक नसतो. त्याला नाचू द्यावे. हे म्हणणे मला अंशतः मान्य आहे. सभागृहात एका संध्याकाळी नाचणाऱ्याकडून मी याची अपेक्षा करणार नाही. त्याने उत्तम नाचावे आणि मी मनापासून पहिल्या प्रकारची टाळी द्यावी, एवढ्याने दोघांचेही कर्तव्य पुरे होते. परंतु जो ‘समाजापर्यंत पोहोचण्या’साठी राहावयास येतो, आणि जी संस्था त्या नावाने निधी उभारते, त्यांनी हे ओझे स्वतः होऊन उचललेले असते. त्यांना ते आठवून देण्यात अन्याय नाही. तसेच पाहुण्यालाही त्याचे देणे मिळाले पाहिजे. पुरेसे मानधन, आणि त्याच्या कलेचा इतिहास न गाळता सांगण्याची मुभा हे त्याचे हक्क आहेत. १७४९ ची रात्र वगळून फक्त लाल झगे आणि पंखे दाखवा, असे त्याला सांगणारा यजमान आपल्या घरातील गोष्टीही वगळीतच असणार.

तीन महिने हा काळ थोडा आहे, हेही खरे. अमेरिकेतील आल्बुकर्की येथे एव्हा एन्सिनियास यांनी १९८२ साली फ्लामेंकोची संस्था सुरू केली. त्यांच्या घरात ही कला आईकडून लेकीकडे येत राहिली, आणि आज त्या शहराची ती आपली कला म्हणून ओळखली जाते. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथे प्रोतिमा बेदी यांनी १९९० साली ‘नृत्यग्राम’ उभारले, तेही शिष्यांनी वर्षानुवर्षे तेथेच राहावे या कल्पनेवर. रुजणे म्हणजे हे. मुदतबंद पाहुण्याने रुजविल्याचा दावा करू नये. त्याने एक सवय लावून जावे, इतके पुरे. आल्फोन्सो राजाच्या तीन महिन्यांच्या परवान्यावर आलेल्या माणसांच्या वंशजांनी सहा शतकांत स्पेनला जगापुढे मिरविण्याजोगे गाणे दिले, आणि २०१० साली युनेस्कोने ते मानवजातीचा वारसा म्हणून नोंदविले. परंतु त्या गाण्याला गौरवाची टाळी मिळण्यापूर्वी शेकडो वर्षे कोणीतरी अंधाऱ्या खोलीत, लोहाराच्या अंगणात दबक्या हाताने ताल धरून बसले होते. ती माणसे नसती तर वारसा म्हणून नोंदविण्यासारखे काही उरले नसते.

म्हणून अशा योजनेचे यशापयश मोजायचे झाले तर समारोपाच्या कार्यक्रमाला किती गर्दी होती हे पाहून चालणार नाही. पाहुणा निघून गेल्यावर काही महिन्यांनी व्हाइटफील्डच्या कोणत्या हातांना बारा मात्रा आठवतात, ते हात कोणत्या फाटकाच्या आत आहेत आणि कोणत्या बाहेर, आणि शेजारच्या खेड्यात तमटे वाजू लागले की त्यांतील किती हात खिडकी लावून घेण्याऐवजी ताल धरू लागतात, हे पाहावे लागेल. याचे उत्तर अहवालात लिहिता येणार नाही. पण यजमानांना ते माहीत असेल.